डावीकडं कमी हाय

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर वाकळा टांगलेल्या होत्या, त्या दिवसांत मी कुणालाही घरी बोलवत नव्हते. वाकळ म्हणजे जुनी लुगडी-धोतरं एकावर एक घालून शिवलेलं अंथरूण. ऊब भारी, पण चारचौघांत दाखवायची वस्तू नव्हे. पाहुणे दारात दिसले की आमच्याकडं आधी वाकळ आतल्या खोलीत जाते आणि मग पाण्याचा तांब्या बाहेर येतो. कुणाचं लुगडं कुठं विरलं, कुठल्या सालच्या तंगीत कुणाच्या धोतराचं ठिगळ लागलं, सगळं त्या वाकळेवर वाचता येतं. आणि आमच्या ह्यांनी त्याच वाकळा, माझ्या सासूबाईंच्या हातच्या, खिळे ठोकून दर्शनी भिंतीवर लावल्या. एकदा माझ्या शाळेतल्या एक बाई न सांगता आल्या. भिंतीकडं बघत राहिल्या. "आवाजासाठी लावल्यात," मी म्हणाले. त्यांना वाटलं, आमचं भांडण शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मी शरमेनं अर्धी झाले आणि चहा करायला आत पळाले.

भांडण नव्हतं, स्पीकर होते. ह्यांचं नाव शशिधर, लक्ष्मीपुरीत मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांच्या विहिरींच्या कहाण्या ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी गाणं ऐकावंसं वाटलं तर त्यात काही वावगं नाही. पण ह्यांना कुठलीही गोष्ट साधी करवत नाही. कुठून तरी इंग्रजी मासिकं आणून वाचली आणि ठरवलं की बैठकीच्या खोलीत हाय-फाय लावायचं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा मोठा आवाज म्हटलं की गणपतीची मिरवणूक. घरात दार लावून, एका खुर्चीत एकट्यानं बसून ऐकायचा आवाज ही कल्पनाच आमच्या पेठेला नवी होती. आमच्याकडं रेडिओ लावला तरी तो खिडकीत ठेवायची रीत, म्हणजे समोरच्यांनाही बातम्या मिळतात.

बॉक्स बनवले अझीम मुजावरनं. राजारामपुरीत त्याचं टेप-रेडिओचं दुकान होतं. त्याचे वडील ख्वाजाभाई आणि माझे सासरे जुने दोस्त, आमच्या घरचा पहिला रेडिओ ख्वाजाभाईंनीच जोडलेला. अझीमनं आतले स्पीकर मुंबईहून मागवले, लाकडी पेट्या उचगावच्या सुताराकडून करून घेतल्या आणि महिनाभर खपून ती जोडी तयार केली. हाय-फायची त्याची ही पहिलीच जोडी. ती ऐकून एक प्राध्यापक आणि नागाळा पार्कातले एक डॉक्टर आपापली जोडी सांगणार होते, म्हणजे अझीमच्या नव्या धंद्याचा नारळ आमच्या खोलीत फुटणार होता.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी टेंपो दारात आला. ह्यांनी मासिकात वाचलेलं सगळं आधीच पाठ केलं होतं. दोन बॉक्स आणि ऐकणाऱ्याची खुर्ची, तिन्हींत अंतर सारखं पाहिजे. बॉक्स भिंतीला टेकवायचे नाहीत, नाही तर खर्ज घुमतो. दोघांची तोंडं थोडी आत, खुर्चीकडं वळवायची. फरशीवर खडूनं खुणा केल्या, सुतळीनं अंतरं मापली, दिवाणाची रवानगी आतल्या खोलीत झाली. मग एका बाईंच्या ख्यालाची सीडी लावली. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण खरं सांगते, अंगावर काटा आला. दोन बॉक्सच्या मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं, त्या बाई येऊन बसल्या होत्या. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अझीम दाराशी उभा होता, तो नुसता हसत होता.

"अप्पांना बसवूया," हे म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे सासरे, ईरप्पा. आमच्या भागात त्यांच्या कानाला मोठा मान. मठात सोमवारी संध्याकाळी जुन्या कन्नड संतांच्या वचनांचं भजन असतं, त्या मंडळीचे ते म्होरके. तबला लावायचा म्हणजे अप्पांनी. मान वाकडी करून उजवा कान तबल्याशी न्यायचे, हातोडीनं ठोकायला सांगायचे आणि त्यांनी मान हलवली की झालं, पुढं कुणी ब्र काढायचा नाही. कुणाला पेटी विकत घ्यायची असली तरी अप्पांना सोबत नेत. मठात नवी घंटा आणली ती अप्पांना पसंत पडेना म्हणून परत गेली होती. ह्यांनी एवढा खटाटोप केला तो स्वतःसाठी, हे खरंच. पण अप्पांनी "ब्येस हाय" म्हणावं ही हाव त्याहून मोठी होती. चाळिशीला आलेला माणूस बापाच्या एका मान हलवण्यासाठी किती जीव टाकतो, ते मी लग्न झाल्यापासून बघत होते.

अप्पा खुर्चीत बसले. डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मंडळीत पेटी वाजवणारे मृत्युंजय पण टेंपो बघून आत आले होते, ते उंबऱ्यातच थांबले. अप्पांनी बराच वेळ ऐकलं आणि डोळे उघडले.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर डावीकडं कमी हाय."

ह्यांचा चेहरा पडला. मृत्युंजयनी लगेच री ओढली, "व्हय की अप्पा. मला मगाशीच वाटलतं." अझीमच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला, ऐकलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "असंल अप्पा. थोडं कमी असंल." ह्यांनी मला विचारलं. मीही कमी आहे म्हणाले. आणि गंमत म्हणजे मी खोटं बोलत नव्हते. अप्पांच्या तोंडून शब्द पडल्यावर मला खरोखरच डावीकडं कमी ऐकू येऊ लागलं.

स्पीकर चालवणाऱ्या एवढ्या महागड्या अँप्लिफायरला डावं-उजवं कमीजास्त करायचं बटणच नव्हतं. बॉक्स योग्य जागी ठेवले तर त्या बटणाची गरज पडत नाही, असं म्हणे बनवणाऱ्यांचं म्हणणं. मग काय, जागा शोधणं सुरू झालं. डावा बॉक्स पुढं आला. मग उजवा मागं गेला. मग खुर्ची डावीकडं सरकली. पुस्तकांचं कपाट डावीकडचा आवाज खातंय असं ठरलं, ते कपाट माझ्या स्वयंपाकघरात आलं आणि मी कपाटाला वळसा घालून भाकऱ्या करू लागले. मग कुणीतरी सांगितलं की उजवीकडच्या उघड्या भिंतीवरून आवाज उसळतोय, तिथं जाड कापड लावा. वाकळा भिंतीवर चढल्या त्या तेव्हा. प्रत्येक बदलानंतर अप्पांना बोलवायचं, अप्पांनी डोळे मिटायचे, आम्ही श्वास रोखायचा.

"डावीकडं कमी हाय."

गणपती बसले, उठले. दसरा झाला. ह्यांचं खाण्यात लक्ष नव्हतं, दुकानात लक्ष नव्हतं. "अहो, तुम्हाला स्वतःला कसं ऐकू येतंय?" मी एकदा विचारलं. "माझं काय घेऊन बसलीस?" म्हणाले. "अप्पांच्या कानापुढं माझा कान म्हंजे काय?"

खोलीत दोष सापडेना, तेव्हा तो बॉक्सवर गेला. ह्यांनी अझीमला दुकानात जाऊन सुनावलं, चार गिऱ्हाइकं समोर असताना. "डाव्या बॉक्सला दमच न्हाय तुझ्या. अप्पांनी सांगितलंय." अझीमनं वाद घातला नाही. बॉक्स उघडून आतला स्पीकर बदलून दिला, पुन्हा आणून लावला. डावीकडं कमीच. मग आमच्या ह्यांच्या जिभेला ताळतंत्र राहिलं नाही. पाइप घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा अझीमच्या खराब मालाची गोष्ट ऐकावी लागायची. कोल्हापुरात असली गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही, त्यात "ईरप्पा म्हणाले" ही मोहर. प्राध्यापकांची जोडी अझीमनं भरवशावर आधीच बनवून ठेवली होती, त्यांनी नको म्हणून कळवलं. डॉक्टरांनी तर कळवलंही नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी अझीम आमच्याकडं आला. चप्पल काढली नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ज्या घरात तो लहानपणी पोळ्या खाऊन मोठा झाला, तिथं तो परक्यासारखा दारात उभा होता. घरात तेव्हा मंडळीतले लोक बसले होते, सोमवारच्या भजनाचं काही ठरवायला आलेले.

"शशीअण्णा," तो म्हणाला, "बॉक्स घिऊन जायाला आलोय. पेट्या परत करा, मी माझ्या घरात लावतो. पर बाजारात माझं नाव घेऊ नका."

हे काही बोलणार तेवढ्यात अप्पांनी हात वर केला. ते खुर्चीतच होते. "थांब रं. आत ये," ते म्हणाले. "भांडायचं कशाला? अदलाबदल करून बघू. डावा बॉक्स उजवीकडं ठेव, उजवा डावीकडं. बॉक्स खराब आसंल तर आता उजवीकडं कमी व्हईल. सरळ हिशोब हाय. दोन तबल्यांत खोट कुठल्यात हाय ते मी असंच बघतो."

इतकी साधी गोष्ट एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. अझीमनं चप्पल काढली. दोघांनी मिळून बॉक्स उचलले, जागा बदलल्या, वायरी पुन्हा जोडल्या. सीडी तीच. मंडळी भिंतीकडेला वाकळांना टेकून बसली होती. बाई गायला लागल्या. अप्पांनी डोळे मिटले.

"डावीकडं कमी हाय," अप्पा म्हणाले.

बोलून झालं आणि त्यांचे डोळे उघडले. त्यांनी डावीकडच्या बॉक्सकडं बघितलं, मग उजवीकडच्या. खोलीत गाणं चालू होतं आणि एकही माणूस हलत नव्हता. जो हिशोब त्यांनी स्वतः मांडला होता, त्याचं उत्तर सगळ्यांना एकदमच मिळालं होतं. बॉक्सची जागा बदलली, कमी मात्र जागच्या जागी राहिलं. मृत्युंजय पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. मला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि मी आत जावं. माझी चूक नव्हती, तरी मला तसं वाटलं. ज्या म्हाताऱ्याचा कान हीच त्याची इस्टेट, त्याचा तो कान गेलेला चारचौघांत उघडा पडला होता आणि आम्ही बघे होतो.

अझीम पुढं झाला. त्याला आता फक्त "बघा" म्हणायचं होतं. तेवढ्यानं त्याचं नाव धुऊन निघालं असतं.

"वायरीत दोष दिसतोय, अप्पा," तो म्हणाला. "डावीकडची वायर मीच कमी जाडीची आणलती. माझी चूक हाय. बदलून देतो."

"व्हय व्हय, वायरच," दोघं-तिघं एकदम म्हणाले. आमचे हेही म्हणाले. अझीमनं वायर गुंडाळली, खांद्याला अडकवली आणि गेला. चांगली वायर होती ती.

त्या दुपारी हे स्वयंपाकघरात येऊन कपाटाला टेकून उभे राहिले. मी कणीक मळत होते. "अप्पांना काय कळलं न्हाय," ते म्हणाले. त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं. मी म्हणाले, "ते राहू दे. अझीमचं काय करणार? तुम्ही गावभर बोललाय, तर आता गावभर सांगा की माल चांगला आहे."

"कसं सांगू? माल चांगला हाय म्हटलं की लोक विचारणार, मग ईरप्पा कमी का म्हणाले? बापाचं बहिरेपण वेशीवर टांगू?"

"म्हणजे अझीमनं खोटं पांघरूण घातलं ते आपण घेऊन झोपायचं."

ते कपाटापासून दूर होऊन चपला घालू लागले. मीही पुढं ताणलं नाही. खरं तर ताणायला हवं होतं. संध्याकाळी अप्पा देवासमोर बसले होते तेव्हा मी मागून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच विचारलं, "अप्पा, चहा ठेवू?" ते हलले नाहीत. पुन्हा विचारलं. नाहीच. सासऱ्यांच्या पाठीमागं चोरासारखी उभी राहून मी त्यांची परीक्षा घेत होते, याची मला इतकी लाज वाटली की मी तशीच परत आले आणि न विचारताच चहा ठेवला.

त्या सोमवारी अप्पा भजनाला गेले नाहीत, सर्दीचं निमित्त सांगितलं. मृत्युंजय बोलवायला आले तर आतूनच हात हलवला. एकदा मी बघितलं, ते खिडकीपाशी ट्रांझिस्टर घेऊन बसले होते. डाव्या कानाला लावत होते, काढत होते, उजव्या कानाला लावत होते. मला बघून त्यांनी तो बंद केला. हे दुकानातून आले की सरळ आत जायचे. खोलीतली खुर्ची रिकामी, बॉक्स मुके. मी वाकळा काढू का विचारलं तर हे म्हणाले, राहू देत. त्या खोलीत पाऊल टाकायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं.

मग एका सकाळी अप्पा कोट घालून, डोक्याला पटका बांधून तयार झाले. मठाच्या यात्रेला घालायचा तो कोट. "शशिधर, अझीमच्या दुकानाकडं जायाचं हाय," ते म्हणाले. "मृत्युंजयाला निरोप धाडलाय. आन विद्याश्री, तूबी चल. तूबी कमी म्हणाली हुतीस."

मी पदर सावरून मागोमाग निघाले. रिक्षात ते आमच्या दोघांच्या मधे बसले. हे डावीकडं होते. त्यांनी काहीतरी विचारलं, अप्पांनी उत्तर दिलं नाही.

अझीमच्या दुकानात गर्दी होती. कुणी टेप दुरुस्तीला आणलेला, कुणी कॅसेटी बघत होतं. मृत्युंजय आधीच येऊन बाकड्यावर बसले होते. अझीम अप्पांना बघून काउंटरच्या मागून धावत बाहेर आला, स्टूल पुसून दिलं. अप्पा बसले नाहीत.

"ती प्राध्यापकासाठी बनीवलेली जोडी हाय न्हवं तुझ्याकडं? लाव."

जोडी मागं कापडाखाली होती. अझीमनं ती काउंटरसमोर आणून, अंतर बघून, दोन्हींची तोंडं आत करून लावली. गाणं सुरू झालं तसे दुकानातले लोक वळून बघू लागले.

"मृत्युंजय," अप्पा म्हणाले, "कमी कुठं हाय?"

मृत्युंजयनी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं, नेहमीसारखं. तिथं आज त्यांना काही सापडेना. "अप्पा, तुमी म्हणाल तसं," ते पुटपुटले.

"मी काय म्हणणार? माझा डावा कान गेलाय," अप्पा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, दुकानभर ऐकू जाईल असं. "आषाढात एक दिवस दडा बसला हुता. पावसाचं पाणी गेलं आसंल म्हणून मी सोडून दिलं. तवापास्नं गेलाय. परवा एकटाच जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आलो. नस मेली म्हणतोय. पर तुजा कान तर शाबूत हाय न्हवं? मग तू कशाला कमी म्हणालास?"

मृत्युंजयची मान खाली गेली. "तुमी म्हणाला म्हणून," ते म्हणाले.

अप्पा अझीमकडं वळले. "आन तू? तुजा माल, तुज्या हातचा. तू का व्हय म्हणालास?"

"अब्बा सांगायचे, ईरप्पाच्या कानापुढं वाद न्हाय," अझीम म्हणाला. "म्हटलं, माझंच काय तरी चुकलं आसंल."

अप्पांनी दोन्ही हात जोडले. अझीमनं ते घाईनं धरले, खाली करायला लागला, पण अप्पांनी केले नाहीत. "ख्वाजाचा पोरगा हाईस," ते म्हणाले. "भर बाजारात माज्या कानानं तुजी अब्रू घालवली. म्हणून बाजारात येऊन सांगतोय. माल चांगला हाय. ऐकणारा भैरा हुता." टेप दुरुस्तीला आलेला माणूस उगाचच दुसरीकडं बघू लागला. मला रडू येत होतं, पण तिथं रडणं हा आणखी एक चोरटेपणा झाला असता.

"विद्याश्री."

"मला खरंच तसं वाटलं होतं, अप्पा," मी म्हणाले.

"मी बोलायच्या आधी?"

"आधी सारखं वाटत होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर ते रागावले नाहीत, तेच मला लागलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. त्याच्यासाठीच ते कोट घालून आले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"आन तुला रं, शशिधर?"

हे काउंटरच्या काचेकडं बघत होते. "मला कायम सारखंच ऐकू येत हुतं," ते म्हणाले.

"पयल्या दिवसापास्नं?"

"व्हय."

"मग घरभर बॉक्स कुणासाठी सरकवत हुतास?"

"तुमचा कान चुकंल असं मनातच आलं न्हाय, अप्पा."

"मनात आलं न्हाय, का बोलायला भ्यालास?"

गाणं चालूच होतं, ते बंद करायचं भान कुणाला नव्हतं. अप्पांचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणाला, दडा बसला तवा लगीच आला असता तर गोळ्या-इंजेक्शनानं कान वाचला असता. श्रावणातबी जमलं असतं म्हणाला. आता उशीर झाला." त्यांनी एवढंच सांगितलं, दोष कुणाला दिला नाही. त्याची गरजही नव्हती. ह्यांनी काउंटरच्या कडेला हात टेकला. मी इतक्या वर्षांत त्यांना दुकानात तोट्यात जाताना बघितलंय, आईला खांदा देताना बघितलंय, पण असा चेहरा बघितला नव्हता. आदर आदर म्हणून आम्ही सगळ्यांनी त्या माणसाचा एक कान घालवला होता.

घरी आल्यावर कुणी जेवायचं नाव काढलं नाही. अप्पांनी पटका सोडला, बैठकीच्या खोलीत आले आणि भिंतीकडं बोट केलं. "त्या वाकळा काढ. तुज्या सासूच्या हातच्या हाईत त्या, अंथरायला शिवल्यात." मी खिळे काढून वाकळा घड्या घातल्या. हे आणि मी मिळून कपाट पुन्हा बाहेर आणलं. अझीम सोबत आला होता, त्यानं वायरी जोडल्या, तीच जुनी वायर, आणि बाजूला झाला.

"आता तुज्या कानानं लाव," अप्पा ह्यांना म्हणाले.

हे खुर्चीत बसले. आजवर त्या खुर्चीत ते अप्पांच्या आधी खुणा तपासायला बसायचे, आणि अप्पा आले की उठायचे. आता अप्पा शेजारी स्टुलावर बसले होते, तोंड खिडकीकडं करून. ह्यांनी ऐकलं. उठून उजवा बॉक्स थोडा पुढं घेतला, पुन्हा बसले. डाव्याचं तोंड किंचित आत वळवलं. पुन्हा बसले. एकदा ते थांबले आणि सवयीनं अप्पांकडं बघितलं, मान हलते का ते बघायला. अप्पांचं तोंड खिडकीकडंच होतं. ह्यांनी नजर काढून घेतली आणि बराच वेळ आपल्या मांडीवरच्या हातांकडं बघत बसले.

"झालं का?" अप्पांनी विचारलं.

"झालं," हे हळूच म्हणाले. "दोन्हीकडं सारखं हाय."

अप्पा तसेच बसून राहिले. "काय म्हणालास? तू माज्या डाव्या अंगाला हाईस. तिकडनं मला ऐकू येत न्हाय. मोठ्यानं सांग."

हे उठले, अप्पांच्या उजव्या बाजूला जाऊन खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा म्हणाले, "दोन्हीकडं सारखं हाय, अप्पा." हेच वाक्य त्यांनी श्रावणात म्हणायला हवं होतं.